पाण्याला भाव मागू नका

शेंगांना भाव नाही, व्यापारी लुटतो, सरकारचं लक्ष नाही, असं सगळं तुमचं गाऱ्हाणं मी ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द बोललो नाही. आता तुम्ही ऐका.

तुम्ही सगळे कृषी विद्यालयातून पदविका घेऊन बाहेर पडलेली पोरं. कुणाची चार एकर, कुणाची सहा. विहिरीला पाणी आहे. जमीन मध्यम, भुसभुशीत, चांगल्या निचऱ्याची, भुईमुगाला हवी तशीच. घरात दोन पिढ्यांपासून शेंगा होतात. एवढं असून बाजार समितीत तुमच्या मालाला सगळ्यात खालची बोली लागते आणि तिचं कारण तुम्ही व्यापाऱ्याच्या खिशात शोधता. कारण तुमच्या पोत्यात आहे. ते पोतं मी स्वतः पाहून आलोय.

लिलावाच्या दिवशी मी मुद्दाम बाजार समितीत गेलो होतो. तुमच्यातल्या एकाचा माल ओट्यावर ओतलेला होता. नाव घेत नाही, ज्याचा होता त्याला कळेल. ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब लागली. मूठभर शेंगा वर काढल्या. टरफलाला माती तशीच चिकटलेली, काहींना देठ, मध्येमध्ये पाल्याचा चुरा. एक शेंग कानाशी धरून हलवली, आवाज नाही. वाळलेल्या शेंगेत दाणा खुळखुळतो, हे तुमच्या आजीलासुद्धा माहीत आहे. ती फोडली आणि दाणा दोन बोटांत चोळला, साल सुटेना. दुसरी फोडली, आतला दाणा सुरकुतलेला. तिसरी पोचट. तेवढ्यात व्यापाऱ्याच्या माणसाने ढिगात चार जागी हात घालून शेंगा उचलल्या, शंभर ग्रॅम तोलल्या, तिथेच फोडल्या आणि दाणे परत काट्यावर टाकले. अठ्ठावन्न ग्रॅम. भरलेल्या, वाळलेल्या शेंगेचा उतारा सत्तरच्या आसपास पडतो. अठ्ठावन्नचा आकडा ऐकल्यावर बाकीचे व्यापारी पुढच्या ढिगाकडे गेले आणि बोली तिथेच थांबली.

याला तुम्ही लूट म्हणता. मग वही काढा आणि हिशेब मांडा.

जमिनीतून उपटलेल्या ताज्या शेंगेत पस्तीस ते चाळीस टक्के पाणी असतं. साठवायला आणि विकायला योग्य शेंग म्हणजे आठ-नऊ टक्के ओलावा. तुम्ही वीस टक्के ओलाव्याची शेंग बाजारात नेली असं धरू. शंभर किलोत वीस किलो पाणी आणि ऐंशी किलो सुका माल. हाच माल आठ टक्क्यांवर आणला की वजन भरतं सत्त्याऐंशी किलो. म्हणजे तुमच्या प्रत्येक क्विंटलात तेरा किलो पाणी जास्तीचं होतं. व्यापाऱ्याला ते दिसतं. तो तेरा किलोचे पैसे कापतो. मग माल वाळवायची मजुरी कापतो. मग वाळवताना काही माल काळा पडेल, त्याचा अंदाज बांधून तोही कापतो. अंदाज बांधताना तो स्वतःकडे झुकतं माप घेणार, कारण जोखीम त्याची आहे. तुम्ही चार-पाच दिवस ऊन दिलं असतं तर तेरा किलोच गेले असते. ओलं विकलं म्हणून तेरा किलो गेले, वर मजुरी गेली, वर त्याच्या भीतीची किंमतही तुम्हीच दिली. हे त्रैराशिक सातवीतल्या पोराला जमतं, तुम्हाला का जमलं नाही?

उताऱ्याचंही तसंच. शेंग विकत घेणारा टरफलाचे पैसे देत नाही, दाण्याचे देतो. सत्तर उताऱ्याच्या क्विंटलात सत्तर किलो दाणे, अठ्ठावन्नच्या क्विंटलात अठ्ठावन्न. दाण्याचा भाव किलोला शंभर रुपये धरला तर एका क्विंटलामागे बाराशे रुपयांचा फरक झाला. वीस क्विंटल माल नेणाऱ्याचे चोवीस हजार गेले, आणि ते कुणी चोरले नाहीत.

व्यापाऱ्याने पट्टीवर न लिहिता कडता कापला असेल, तोलाई-हमाली दुप्पट लावली असेल, पैसे आठवडाभर लटकवले असतील, तर तिथे भांडा. समितीच्या सचिवाकडे लेखी तक्रार द्या, मी तुमच्याबरोबर येतो. पण भांडायला उभं राहायचं तर आधी आपला माल चोख पाहिजे. ओल्या मालाचा धनी तिथे तोंड उघडू शकत नाही. म्हणून तर तो गप्प पट्टी घेतो आणि माझ्याकडे येऊन ओरडतो.

आता मुळाकडे येऊ. उतारा अठ्ठावन्न का आला? तुम्ही घाईने उपटलं म्हणून. मजूर त्या आठवड्यात मिळत होते, शेजाऱ्याने उपटलं, शेत मोकळं करून दुसरं काही घ्यायचं होतं. भुईमुगाला तुमच्या सोयीचं वेळापत्रक कळत नाही. शेंग जमिनीत आहे, वरून दिसत नाही, म्हणून तर तपासायची असते. शेतात चार-पाच ठिकाणची झाडं उपटायची, शेंगा फोडायच्या आणि टरफलाची आतली बाजू बघायची. कोवळ्या शेंगेत ती पांढरी, मऊ असते. पक्व शेंगेत तपकिरी-काळसर पडते, दाण्यावर जातीचा रंग चढलेला असतो. झाडावरच्या बहुतेक शेंगा अशा झाल्या की काढणी करायची. हे मी तुम्हाला वर्गात नव्हे, शेतात उकिडवं बसवून दाखवलेलं आहे. परीक्षेत तुम्ही ते बरोबर लिहिलंत. शेतात मात्र पाला पिवळा दिसला की उपटायला धावता. पाला टिक्का रोगानेही पिवळा होतो आणि पाण्याच्या ताणानेही. पानाकडे बघून शेंगेचा निकाल लावू नका.

आणि दुसऱ्या टोकाचीही चूक करू नका. आपल्याकडे बहुतेक उपट्या जाती लावतात. त्यांच्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते. पक्व शेंग जमिनीत राहिली आणि वर पाऊस झाला की दाणा तिथल्या तिथे कोंभ काढतो. मे संपत आला, वळवाचे ढग येऊ लागले, तरी बाया मिळाल्या नाहीत म्हणून शेंग जमिनीत ठेवणारे तुमच्यात दोघे आहेत. मजुरांची बोली काढणीच्या पंधरा दिवस आधी करायची असते, काढणीच्या दिवशी सकाळी नव्हे.

उपटल्यावर काय करायचं, तेही सांगतो, कारण सगळी कमाई इथेच राहते किंवा जाते. वेल उपटून ढीग घालू नका. वेल उलटे मांडा, शेंगा वर आणि पाला खाली, म्हणजे शेंगेला वारा आणि ऊन लागतं. दोन-तीन दिवसांनी शेंगा तोडायला घ्या. तोडलेल्या शेंगा ताडपत्रीवर पातळ पसरा, दिवसातून दोन-तीनदा हलवा, संध्याकाळी गोळा करून झाका. चार-पाच दिवसांत शेंग खुळखुळायला लागते, दाण्याची साल बोटाने सुटते. पोचट, फुटक्या, काळ्या, किडक्या शेंगा याच वेळी वेगळ्या काढा. पोती कोरड्या गोणपाटाची घ्या. पोती जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका, खाली फळ्या टाका. यातलं एकही काम अवघड नाही. एकालाही हजारो रुपये लागत नाहीत. लागतात पंधरा दिवस, आणि ते पंधरा दिवस तुम्ही शेतावर नसता. उपटणी झाली की तुमचं पीक संपतं. ज्याने चार महिने पाणी पाजलं, भांगलण केली, रात्री मोटार चालू करायला उठला, तो हातातोंडाशी आलेला घास असा टाकून देतो, याचा मला संताप येतो.

पोचट शेंगांचं आता बोलू. तुमच्यातल्या तिघांनी सांगितलं की दुकानदाराने शेंगा फुगवायचं टॉनिक दिलं, दोन फवारण्या केल्या, तरी शेंगा भरल्या नाहीत. जिप्सम टाकलं होतं का, असं मी विचारलं. तिघांनीही खाली पाहिलं.

भुईमुगाचं फूल जमिनीवर येतं आणि शेंग जमिनीखाली धरते. फूल फळलं की त्याच्या तळातून आरी निघते, खाली वळते, मातीत शिरते आणि टोकाला शेंग होते. त्या शेंगेला कॅल्शियम लागतं. मुळांनी शोषलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर पानांकडे चढतं. जमिनीतल्या शेंगेतून बाष्प उडत नाही, म्हणून तिच्याकडे ते वळून येत नाही. शेंग आपलं कॅल्शियम टरफलातून, भोवतालच्या दोन-तीन इंच मातीतून थेट घेते. म्हणून पानांवरची फवारणी शेंगेला पोचत नाही आणि म्हणूनच जिप्सम आऱ्यांच्या जागी, मातीत टाकायचं असतं. हेक्टरी ४०० किलो, म्हणजे एकरी १६० किलो. निम्मं पेरणीवेळी, निम्मं आऱ्या सुटताना झाडाजवळ टाकून हलकी मातीची भर. त्यातलं गंधक तेलासाठी कामी येतं. जिप्समचं पोतं स्वस्त असतं, पण दुकानदाराला त्यात फारसं सुटत नाही, म्हणून तो बाटली पुढे करतो. तो त्याचा धंदा करतो. शेंग कॅल्शियम कुठून घेते, हे शिकलेले तुम्ही ती बाटली घेता कशी?

युरियाचीही तीच गत. हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद एवढीच शिफारस आहे. भुईमूग द्विदल आहे. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र पकडतात, म्हणून बियाण्याला रायझोबियम चोळायचं. तुम्ही दर पाण्याला मूठभर युरिया फेकता, पाला गुडघ्यापर्यंत येतो, बघणारे वाहवा करतात आणि खाली शेंगा मोजक्या. आऱ्या जमिनीत गेल्यावरही एकाने कोळपं फिरवलं. आऱ्या तुटल्या आणि त्याबरोबर शेंगा गेल्या. तण आऱ्यांच्या आधी काढायचं असतं, नंतर हाताने उपटायचं. आऱ्या मातीत जाव्यात म्हणून रिकामा ड्रम फिरवा, हरकत नाही. माती घट्ट असेल तर ड्रमने आरी आत जाणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

बियाण्याबद्दल थोडकंच. जळगावच्या केंद्रातून आलेली जेएल २४ म्हणजे फुले प्रगती, ट्रॉम्बे आणि अकोल्याची टीएजी २४, पुढे राहुरीच्या विद्यापीठाच्या फुले उन्नती, फुले भारती अशा जाती आल्या. दोन्ही हंगामांत चालतील, पाण्याच्या ताणाला आणि रोगाला पुरून उरतील, अशा जाती निवडायची सोय तुम्हाला आहे. तुम्ही काय करता? पेरणीच्या आदल्या संध्याकाळी किराणा दुकानातून दाणे आणता. ३० बाय १० सेंटिमीटर अंतराने एकरात १ लाख ३३ हजार झाडं बसतात. बियाणं सत्तर टक्के उगवलं तर चाळीस हजार झाडं पहिल्याच दिवशी गेली. त्यांच्या जागी तण येतं आणि तुम्ही भांगलणीला पैसे मोजता. भुईमुगाच्या फुलात परागीभवन बहुतेक आपल्याआपच होतं, तेव्हा चांगल्या जातीचं बी तुम्हाला दोन-तीन हंगाम घरीच ठेवता येतं. बियाण्याच्या शेंगा सावलीत वाळवा, शेंगेतच साठवा, पेरणीच्या आठवडाभर आधी हाताने फोडा, बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा लावा आणि रायझोबियम सगळ्यात शेवटी. बियाणं महाग झालं म्हणून रडणाऱ्याने घरी ठेवलं नाही, हा त्याचाच दोष.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरा चिडलोय, ती सांगतो.

तुमच्यातल्या काहींनी पोत्यात भरायच्या आधी शेंगांवर पाणी शिंपडलं. वजन वाढावं म्हणून. एकाने शेंगा यंत्रात फोडायच्या आधी भिजवल्या, दाणे फुटू नयेत म्हणून. हे तुम्ही मला सहज सांगितलंत, हुशारी सांगावी तसं. हे ऐकून मला तुमचा राग आला.

ओल्या शेंगेत अस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखांहून जास्त टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता माग निघाला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. त्यातूनच हे विष जगाला कळलं. ते यकृताचा कर्करोग करतं. भाजल्याने पूर्ण जात नाही, उकडल्याने जात नाही. बुरशीचा दाणा डोळ्याला नेहमी हिरवा दिसतोच असं नाही. पेंडीतून ते गाईम्हशीच्या पोटात जातं आणि तिथून दुधात उतरतं. शेंगदाण्याचा लाडू आणि चिक्की अंगणवाडीतल्या पोरांना खायला देतात, बाळंतिणीला देतात, उपवासाला दाण्याचं कूट तर घराघरात लागतं. हे सगळं तुम्हाला ठाऊक असताना तुम्ही शेंगेवर पाणी मारलंत. पाव किलो वजनासाठी दुसऱ्याच्या पोराच्या ताटात विष वाढायचं हे काम शेतकऱ्याचं नाही, आणि जो ते करतो त्याला मी माझा विद्यार्थी म्हणत नाही.

ही बुरशी फक्त पोत्यात लागते असंही नाही. शेवटचा महिना पीक तहानलेलं राहिलं आणि माती तापली तर ती शेतातच शेंगेत शिरते. उन्हाळी पिकात विहीर आटायला लागली की तुम्ही आधी भुईमुगाचं पाणी तोडता आणि उसाला देता. कापण्या-खणण्यात फुटलेल्या शेंगेला, हुमणीने कोरलेल्या शेंगेला ती आधी लागते. म्हणून फुटकी शेंग वेगळी काढा असं मी तुम्हाला पुन्हापुन्हा सांगतो, ती नुसती दिसायला वाईट म्हणून नव्हे.

याचा बाजाराशी संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध सरळ आहे. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिनची एकूण मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्याला १५ आहे. इंडोनेशिया हे आपल्या शेंगदाण्याचं मोठं गिऱ्हाईक. त्या देशाने सप्टेंबर २०२५ मध्ये याच विषाचं कारण देऊन भारतीय शेंगदाण्याची आयात थांबवली. बंदरावर जहाज अडलं की निर्यातदार खरेदी थांबवतो, मग गोंडल-राजकोटच्या बाजारात भाव उतरतो, आणि दोन दिवसांत तोच भाव आपल्या ओट्यावर येतो. सौराष्ट्र हे देशातलं भुईमुगाचं सगळ्यात मोठं क्षेत्र, तिथला भाव आपला भाव ठरवतो. म्हणजे कुठल्या तरी एका शेतकऱ्याने पोत्यावर मारलेलं पाणी सगळ्यांच्या भावावर पडतं. तुम्ही त्या सगळ्यांतले आहात.

तुम्ही म्हणाल, सर, सरकारचं काहीच चुकत नाही का? चुकतं. पामतेलाचं आयात शुल्क कधी खाली, कधी वर, आणि कधीकधी ते उतरतं नेमकं पीक घरात येण्याच्या सुमाराला. हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ६,७८३ रुपये होता, २०२५-२६ ला ७,२६३ झाला, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडलं नाही तर तो आकडा कागदावर राहतो. यावर बोला, मोर्चा काढा, आमदाराला गाठा. पण केंद्र उघडल्यावरही तिथे शेंग आठ टक्के ओलाव्याचीच घेतात. वीस टक्क्यांची शेंग घेऊन रांगेत उभं राहणाऱ्याला सरकारने काय द्यायचं?

भुईमूग कुणासाठी पेरतोय, हा प्रश्न तुम्ही पेरणीच्या दिवशी स्वतःला विचारला होता का? तेलासाठी पेरायचं तर तेलाचा उतारा असलेली जात. खाण्याच्या दाण्यासाठी पेरायचं तर टपोरा, एकसारखा दाणा हवा. निर्यातीत दाण्याचा भाव एका औंसात किती दाणे बसतात त्यावर ठरतो, पन्नास-साठचा वेगळा, साठ-सत्तरचा वेगळा, सत्तर-ऐंशीचा त्याहून कमी. चाळणी लावून प्रत वेगळी करणारा प्रत्येक प्रतीचे पैसे घेतो, मिसळून विकणारा सगळ्यात खालच्या प्रतीचे घेतो. उकडायच्या ओल्या शेंगा शहरात विकायच्या तर त्या कोवळ्याच काढाव्या लागतात, वाळवायचा प्रश्नच येत नाही, पण तो बाजार दोन-चार आठवड्यांचा असतो आणि रोजचा टेम्पो ठरवलेला लागतो. बियाण्यासाठी विकायचं तर त्याची नोंदणी आणि तपासणी आधी करावी लागते. सोलापुरात शेंगाचटणी करणारी घरं आहेत, लोणावळ्यात चिक्कीवाले आहेत, आता गावोगावी लाकडी घाणे निघालेत. चांगला दाणा कुठे मिळतो, हे ते विचारत असतात. तुमच्यातल्या एकाने तरी अशा कुणाकडे जाऊन मूठभर नमुना ठेवला का? तुम्ही सगळे एकाच आठवड्यात, एकाच ओट्यावर, एकाच प्रतीचा म्हणजे बिनप्रतीचा माल ओतता. मग भाव पाडायला व्यापाऱ्याला काही करावं लागत नाही.

थांबता येत नाही, देणी असतात, हे मला माहीत आहे. सगळा माल थांबवा, असं मी म्हणत नाही. वखारीत ठेवून पावतीवर कर्ज काढता येतं, त्यासाठी माल वाळलेला लागतो, हा त्यातला एकच अडसर आणि तो तुमच्या हातातला. दहा जणांनी मिळून एका जातीचा, एका प्रतीचा शंभर क्विंटल माल जमवला तर घेणारा गावात येतो. शेतकरी कंपनीच्या सभेला तुम्ही सही करून चहा पिऊन निघता. ती कंपनी तुमची आहे. वाळवणीचा ओटा, चाळणी, ओलावामापक एवढं तिने घेतलं तरी पुष्कळ झालं. तिच्या दारावर पाटी कुणाच्या नावाची लावायची, यावर तुमचे तीन महिने गेले.

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ तुमच्यातल्या निम्म्यांनी वाचलंय, भाषणात नावही घेता. कार्व्हरने भुईमूग आधी सांगितला तो कापसाने दमलेल्या जमिनीसाठी, आणि १९१६ साली शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढली तिच्यात भुईमूग कसा पिकवायचा हे होतं आणि खायचे १०५ प्रकारही होते. पिकवणं आणि खपवणं त्याने एकाच पुस्तिकेत बसवलं. तुम्ही पहिलं अर्धवट करता आणि दुसरं व्यापाऱ्यावर सोडता. आपल्या भागात सोयाबीन आणि उसाने भुईमूग मागे सारला. त्यात जमिनीचं जे नुकसान झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघताय. पाला जनावराला सकस, मुळांच्या गाठींनी पुढच्या पिकाला नत्र, घरात वर्षाचं तेल आणि कूट. असं पीक तुमच्या हलगर्जीपणाने गावातून जाऊ नये, एवढ्यासाठी मी एवढा बोलतोय. नाहीतर तुमच्या पट्टीवर किती आकडा आला, त्याच्याशी मला काय घेणं?

आता यंदाच्या पेरणीचं बोलू. उन्हाळी पेरणी १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी. रात्रीचा गारवा कमी झाला, तापमान १८ अंशांच्या वर राहू लागलं की वापशावर पेरायचं. त्याआधी घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्याने मोजा. सत्तरच्या खाली उगवले तर ते बी भाजून खा, पेरू नका. जिप्समची पोती पेरणीच्या आधी शेतावर आलेली पाहिजेत. ताडपत्र्या आत्ताच विकत घ्या, मे महिन्यात मागायला शेजाऱ्याकडे जाऊ नका. पाच जणांत एक ओलावामापक घ्या.

रविवारी सकाळी सगळे माझ्याकडे या. वही आणा. कोणती जात, किती क्षेत्र, शेवटच्या महिन्याचं पाणी कुठून देणार, शेंग कुठे वाळवणार आणि माल कुणाला विकणार, हे प्रत्येकाने लिहून आणायचं. ज्याला शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं लिहिता येणार नाहीत, त्याने यंदा भुईमूग पेरू नये.